सर्व्हर वाढू लागल्यावर बॅकअपची व्यवस्था कशी निवडावी

सर्व्हर एक-दोनच असतात तोवर रात्री चालणारी स्क्रिप्ट आणि बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क एवढ्यावर काम भागते. संख्या आठ-दहावर गेली, की कोणती स्क्रिप्ट केव्हा बंद पडली हे कोणाच्या ध्यानात राहत नाही आणि डेटा परत आणायची वेळ येते तेव्हाच ते उघड होते. म्हणून सॉफ्टवेअरचे नाव सुचवण्याआधी आम्ही ग्राहकांना दोन गोष्टी विचारतो: काम किती तास बंद राहिलेले चालेल, आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या तर परवडेल? टॅलीच्या सर्व्हरसाठी मिळणारे उत्तर जुन्या फायलींच्या साठ्याला सहसा लागू पडत नाही.

पहिले उत्तर बरेचसे जोडणीच्या वेगावर अवलंबून असते. १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून एक टीबी डेटा परत आणायला, पूर्ण वेग सतत मिळाला असे धरले तरी, २२ तासांहून अधिक वेळ लागतो. कार्यालयातल्या एक जीबीपीएसच्या नेटवर्कवर तेच काम अडीच तासांच्या आसपास होते. त्यामुळे केवळ क्लाउडवर विसंबण्यापेक्षा एक प्रत कार्यालयात आणि दुसरी शहराबाहेर ठेवावी, असे आमचे मत आहे. रेडमुळे, म्हणजे एकच डेटा अनेक डिस्कवर मिळून ठेवण्याच्या रचनेमुळे, एखादी डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते, म्हणून रेडला आम्ही बॅकअप मानत नाही.

सर्व व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र सर्व्हर) ती चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरवर असतील, तर त्याच कंपनीचा बॅकअप सर्व्हर घेणे सोयीचे ठरते. बॅकअप चुंबकीय टेपवर ठेवायचा असेल किंवा निरनिराळ्या प्रकारच्या अनेक यंत्रांचे वेळापत्रक एका जागेवरून सांभाळायचे असेल, तर बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर किंवा त्यातून निघालेले बॅरिऑस योग्य आहे, मात्र ते नीट बसवायला आणि शिकायला वेळ द्यावा लागतो. रेस्टिक आणि बोर्ग ही दोन्ही सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा येणारा डेटा एकदाच साठवतात आणि तो पाठवण्याआधीच कूटबद्ध करतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा करतात; त्यांपैकी रेस्टिक विंडोजवरही थेट चालते. या दोन्हींत मध्यवर्ती देखरेख नसल्यामुळे ती वेगळी उभारावी लागते, आणि नेमका हाच खर्च अंदाजपत्रकातून सुटतो.

चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून ठेवल्या, तर त्या परत उघडतीलच असे नाही. त्यासाठी डेटाबेसचे स्वतःचे डंप साधन, म्हणजे सगळ्या डेटाची सुसंगत प्रत वेगळ्या फाइलमध्ये काढणारे साधन, वापरावे. जानेवारी २०१७ मध्ये प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा तिथल्या पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या साधनामुळे डंप आधीपासूनच निघत नव्हते आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते, असे कंपनीनेच नंतर जाहीर केले. म्हणून बॅकअप फसल्याचा निरोप येण्याची वाट न पाहता, झाल्याचा निरोप आला नाही तर विचारणा करणारी व्यवस्था ठेवावी.

रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा, विचार करता, सर्व्हरला नवी प्रत लिहिता यावी पण जुनी पुसता येऊ नये, अशी परवानगी ठेवणे आवश्यक आहे. कूटबद्ध प्रतींचा पासवर्ड मात्र सर्व्हरबाहेर, शक्यतो कागदावर तिजोरीत असावा.

ग्राहक नोंदणीकृत कंपनी असल्यास, इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ पासून आहे, त्यामुळे क्लाउडची जागा निवडताना ते तपासावे.

व्यवस्था बसवून झाल्यावर आम्ही एक सर्व्हर कोऱ्या यंत्रावर ग्राहकासमोर पूर्ण उभा करून दाखवतो आणि त्याला लागलेला वेळ करारात नोंदवतो.