इन्शुलिनोमा : स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारी गाठ

स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींपासून वाढणारी आणि शरीराला गरज नसतानाही इन्शुलिन सोडत राहणारी गाठ म्हणजे इन्शुलिनोमा. तिच्यामुळे रक्तातली साखर पुन्हा पुन्हा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आजार दुर्मिळ आहे. दर १० लाख लोकांमागे वर्षाला साधारण १ ते ४ नवे रुग्ण सापडतात. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले असतात आणि स्त्रियांचे प्रमाण थोडे जास्त असते. सुमारे ९० टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात. साधारण तितक्याच एकेकट्या असतात आणि २ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. एवढीशी गाठ काढली की बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. तरीही पहिल्या झटक्यापासून निदानापर्यंत कित्येकदा वर्षे उलटतात. या मधल्या काळात रुग्णाचे जे हाल होतात ते टाळता येण्यासारखे असतात, म्हणून या नोंदीत उपचारापेक्षा ओळखण्याला जास्त जागा दिली आहे.

साखर का उतरते? निरोगी माणसाच्या रक्तातली साखर ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास आली की बीटा पेशी इन्शुलिन सोडणे आटोपते घेतात. मग यकृत आपला साठा फोडून साखर पुरवते. उपाशीपण लांबले तर चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात आणि मेंदू त्यांच्यावरही काम चालवतो. म्हणूनच धडधाकट माणूस निर्जळी एकादशी करूनही दुसऱ्या दिवशी कामावर जातो. इन्शुलिनोमाच्या रुग्णात या दोन्ही वाटा बंद होतात. गाठीतून येणारे इन्शुलिन यकृताला साठा सोडू देत नाही आणि कीटोनही बनू देत नाही. साखर नाही आणि पर्यायी इंधनही नाही, अशा स्थितीत मेंदू सापडतो. झटक्याची सगळी लक्षणे यातून उद्भवतात.

लक्षणे : ती दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार शरीराने दिलेल्या इशाऱ्यांचा : दरदरून घाम, हातापायांना कापरे, धडधड, कडकडून भूक. दुसरा मेंदूच्या उपासमारीचा : डोळ्यांपुढे धूसर होणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, असंबद्ध बडबड, चिडचिड, ओळखीचा रस्ता न सुचणे, आकडी येणे आणि शेवटी बेशुद्धी. वारंवार साखर उतरत राहिली की शरीराला त्याची सवय होते आणि पहिल्या प्रकारचे इशारे बोथट होतात. मग घाम नाही, थरथर नाही, माणूस एकदम भलतेच वागू लागतो. झटका ओसरल्यावर त्याला बहुधा काहीच आठवत नाही. त्यामुळे या आजाराचा खरा साक्षीदार घरातला माणूस असतो आणि डॉक्टरांकडे जाताना त्याने बरोबर असणे फार मोलाचे ठरते.

झटके येतात ते मुख्यतः उपाशीपोटी : पहाटे, जेवण लांबल्यावर, भरभर चालल्यावर किंवा कष्टाचे काम केल्यावर. काही थोड्या रुग्णांत ते जेवणानंतर काही तासांनीही येतात. सकाळी हलवूनही नीट जाग न येणारा, उठल्यावर बराच वेळ गोंधळलेला आणि चहा-बिस्कीट पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांत पूर्ववत होणारा माणूस घरात असेल, तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. गोड खाल्ले की बरे वाटते हे काही रुग्णांच्या आपोआप ध्यानात येते. ते सारखे काहीतरी खात राहतात आणि त्यांचे वजन वाढते.

चुकीची निदाने याच चित्रातून निघतात. आकडी दिसली की अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात. विचित्र वागणे दिसले की मानसिक आजार ठरतो. तोल गेलेला आणि अडखळत बोलणारा माणूस प्यायलेला समजला जातो. आपल्याकडे अंगात आले, बाहेरची बाधा झाली असे समजून देवर्षीकडे नेले जाण्याचाही धोका असतो. यांतल्या कोणत्याही झटक्यात रक्तातली साखर तपासणे हे मिनिटभराचे काम आहे. पहिल्यांदा आकडी आलेल्या प्रत्येक माणसात ते झालेच पाहिजे.

इतिहास : १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स यांनी स्वादुपिंडातील पेशींचे वेगळे पुंजके वर्णिले; बीटा पेशी याच पुंजक्यांत असतात. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला आणि १९२२ पासून ते मधुमेहींना मिळू लागले. इन्शुलिन जास्त झाले की माणसाला काय होते हे त्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना दिसले. हीच लक्षणे इन्शुलिन कधीही न घेतलेल्या माणसांतही दिसतात, म्हणजे त्यांचे शरीरच ते जास्त बनवत असावे, असे अमेरिकेतील डॉक्टर सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये मांडले. पुरावा १९२७ मध्ये मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध झाला. रसेल वाइल्डर आणि सहकाऱ्यांचा तो रुग्ण स्वतः शल्यचिकित्सक होता. विल्यम मेयो यांनी पोट उघडले तेव्हा स्वादुपिंडातला कर्करोग यकृतात पसरलेला आढळला. तो काढता येण्यासारखा नव्हता. यकृतातल्या त्या गाठींचा अर्क सशांना टोचल्यावर त्यांच्या रक्तातली साखर उतरली. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी अशी एक गाठ काढली आणि आकडी व बेशुद्धीने त्रस्त असलेला रुग्ण बरा झाला. इन्शुलिनच्या शोधानंतर दशकाच्या आतच, ज्या शहरात तो शोध लागला तिथेच, हे घडले.

पण सगळ्याच थकव्याला आणि घामाला 'साखर कमी' म्हणून पोट उघडणे योग्य नव्हे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३५ च्या सुमारास तीन अटी घातल्या : उपाशीपोटी झटके येणे, त्या वेळी रक्तातली साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असणे आणि साखर दिल्याबरोबर लक्षणे जाणे. ही 'व्हिपल त्रयी' थोड्या फरकाने आजही निदानाची पहिली पायरी आहे. व्हिपल यांच्याच नावाची स्वादुपिंडाची एक मोठी शस्त्रक्रिया आहे. केसपेपरवर हे नाव दिसले म्हणून ती शस्त्रक्रिया ठरली असे समजून घाबरू नये.

निदान : रुग्णाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे आधी रक्ताने सिद्ध करायचे आणि मगच गाठ शोधायची. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही बाजूंनी फसगत होते. स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर दिसलेला एखादा निरुपद्रवी ठिपका दोषी ठरू शकतो, आणि खरी गाठ लहान असल्याने न दिसल्यास रुग्णाला 'काही नाही' म्हणून परत पाठवले जाऊ शकते.

नेहमीच्या उपाशीपोटीच्या तपासणीत साखर ठीक येऊ शकते. म्हणून रुग्णालयात दाखल करून, देखरेखीखाली, जास्तीत जास्त ७२ तासांची उपवास चाचणी करतात. पाणी चालते, बिनसाखरेचा कोरा चहा किंवा कॉफी चालते. जागेपणी रुग्णाला चालते-फिरते ठेवतात. ठरावीक अंतराने रक्त घेतात. साखर ४५ च्या खाली गेली आणि लक्षणे दिसली की शेवटचे नमुने घेऊन चाचणी थांबवतात. बहुतेक इन्शुलिनोमा पहिल्या ४८ तासांतच उघडे पडतात. ही चाचणी घरी 'करून बघू' म्हणून कधीही करू नये.

साखर ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असताना शरीरातले इन्शुलिन जवळपास बंद असायला हवे. त्या क्षणी इन्शुलिन ३ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आणि प्रोइन्शुलिन (इन्शुलिनचे आधीचे कच्चे रूप) ५ पिकोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आले, तर इन्शुलिन अनाठायी स्रवत आहे हे ठरते. याच वेळी कीटोन कमी सापडतात. साखर चांगली असताना घेतलेल्या इन्शुलिनच्या आकड्याला इथे काही अर्थ नसतो. तो एकटा अहवाल घेऊन घाबरणारे पुष्कळ असतात. बोटाला टोचून तपासायचे ग्लुकोमीटर खालच्या पातळीवर तितकेसे अचूक नसते, म्हणून निदान शिरेतल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरच करतात. इन्शुलिनसाठी घेतलेल्या नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

सी-पेप्टाइड कशासाठी? शरीर इन्शुलिन बनवते तेव्हा त्याबरोबर तेवढेच सी-पेप्टाइड सुटते. इंजेक्शनच्या इन्शुलिनमध्ये ते नसते. त्यामुळे बाहेरून घेतलेले इन्शुलिन लगेच ओळखू येते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या मात्र बीटा पेशींनाच इन्शुलिन सोडायला लावतात आणि रक्ताचे चित्र हुबेहूब इन्शुलिनोमासारखे होते. घरात सासऱ्यांना मधुमेह, गोळ्यांचे डबे एका फळीवर, आणि सुनेला झटके : अशी अदलाबदल होऊ शकते. म्हणून रक्तात या गोळ्यांचा अंश तपासणे चाचणीचा भाग आहे. घरातल्या सर्वांच्या औषधांची यादी द्यावी. त्यात संशयाचा अपमान मानू नये. इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडे, लठ्ठपणासाठी झालेली पोटाची शस्त्रक्रिया, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीची कमतरता, यकृताचे आजार आणि मद्य यांमुळेही साखर उतरू शकते, म्हणून तेही पाहिले जाते.

गाठ शोधण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या आतून केलेली सोनोग्राफी लहान गाठींसाठी विशेष उपयोगी आहे. अशा गाठींसाठी किरणोत्सारी द्रव्य टोचून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या डोटा स्कॅनमध्ये इन्शुलिनोमा काही वेळा निसटतो. एक्सेंडिन-४ हे बीटा पेशींना चिकटणारे द्रव्य वापरून केलेला पेट स्कॅन त्यासाठी अधिक नेमका आहे, पण तो मोजक्याच केंद्रांत होतो. तरीही पत्ता न लागल्यास स्वादुपिंडाच्या वेगवेगळ्या धमन्यांत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेत इन्शुलिन कधी उसळते ते पाहतात. त्यावरून गाठ कोणत्या भागात आहे ते कळते.

उपचार : शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. गाठ मुख्य स्वादुनलिकेपासून दूर असेल तर तेवढीच सोलून काढतात. शेपटाकडे खोलवर असेल तर तो भाग काढतात आणि शक्य तिथे प्लीहा वाचवतात. प्लीहा काढावी लागलीच तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांच्या लसी घ्याव्या लागतात. अनेकदा ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. शस्त्रक्रियेनंतर स्वादुरसाची गळती हा सर्वांत नेहमीचा त्रास. त्यामुळे पोटातली नळी काही दिवस जास्त ठेवावी लागते. गाठ निघाल्यावर साखर चढते, कारण इतके दिवस दबलेल्या निरोगी बीटा पेशींना जागे व्हायला वेळ लागतो. हा मधुमेह जडला असे लगेच समजू नये. बहुधा काही दिवसांत ती उतरते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर दुर्बिणीतून सुई घालून गाठ जाळण्याचा पर्याय काही ठिकाणी उपलब्ध आहे.

शस्त्रक्रियेपर्यंत थोडे थोडे, वारंवार खावे; झोपण्यापूर्वी आणि गरज पडल्यास रात्री उठूनही. सर्व उपास थांबवावेत, मग तो चतुर्थीचा असो की रमजानचा. गाडी चालवू नये, विहिरीत-नदीत पोहू नये, उंचावर काम करू नये. डायझॉक्साइड हे औषध इन्शुलिनचा स्राव रोखते, मात्र त्याने अंगावर सूज येते आणि लव वाढते. ऑक्ट्रिओटाइड हे इंजेक्शन काहींना लागू पडते. काहींत ते साखर वर आणणारे ग्लुकागॉनही दाबते आणि झटके वाढतात, म्हणून पहिला डोस देखरेखीखालीच द्यावा लागतो.

झटका आला आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि मागोमाग पोळी किंवा दूध-बिस्कीट द्यावे. हाताशी मीटर असेल तर साखर देण्याआधी आकडा आणि वेळ टिपावी, पण त्यापायी उशीर करू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर आल्यावरही काही तास लक्ष ठेवावे, कारण गाठ इन्शुलिन सोडतच असते.

सुमारे १० टक्के किंवा त्याहून कमी गाठी कर्करोगाच्या असतात. त्या बहुधा यकृतात पसरतात. त्यांच्यासाठी शक्य तेवढी गाठ काढणे, एव्हरोलिमस हे औषध, ल्युटेशियमयुक्त किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा मेळ घालतात. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत इन्शुलिनोमा हा 'मेन-१' या, अनेक ग्रंथींत गाठी होणाऱ्या आनुवंशिक विकाराचा भाग असतो. अशांना तो तरुणपणीच होतो, गाठी अनेक असतात आणि काढल्यावर पुन्हा येऊ शकतात. रक्तातले कॅल्शियम वाढलेले, वारंवार मूतखडे झालेले किंवा नात्यात कुणाला पिट्यूटरी किंवा पॅराथायरॉइडची गाठ असेल तर जनुकीय तपासणी करावी. दोष सापडल्यास तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि मग भावंडांची व मुलांची तपासणीही त्याच वेळी ठरवावी लागते.