हितसंबंध जाहीर करणे आणि संशोधन स्वतंत्र असणे

बिझनेस स्कूलमधील प्राध्यापकाच्या शोधनिबंधाखाली ‘या संशोधनास अमुक कंपनीचे अर्थसाहाय्य लाभले’ अशी तळटीप दिसली, की लपवाछपवी नाही म्हणजे निष्कर्षही निःपक्ष असणार, असे आपण धरून चालतो. ही गल्लत मला घातक वाटते. पैसा कुठून आला, एवढेच तळटीप सांगते. संशोधन स्वतंत्र होते की नाही, हे मात्र प्रश्न कोणी ठरवला, आकडेवारी कोणाच्या ताब्यात होती आणि नकोसा निष्कर्ष रोखण्याचा अधिकार कोणाकडे होता, यांवरून ठरते.

कोलंबिया बिझनेस स्कूलचे फ्रेडरिक मिश्किन यांनी 2006 साली एका आइसलँडिक सहलेखकासोबत त्या देशाच्या वित्तीय स्थैर्यावर अहवाल लिहिला. तो आइसलँडच्या चेंबर ऑफ कॉमर्सनेच प्रसिद्ध केला असल्याने काम कोणासाठी केले, हे झाकलेले नव्हते. मिश्किन यांना मिळालेल्या 1,24,000 डॉलरची चर्चा मात्र पुढे झाली. वित्तीय पडझडीची शक्यता अत्यल्प आहे, असा निर्वाळा त्या अहवालाने दिला होता आणि ऑक्टोबर 2008 मध्ये ग्लिटनिर, लँड्सबँकी व काउपथिंग या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या. पैशामुळेच अंदाज चुकला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण तेव्हा इतरही अनेक जण चुकले. पण मानधनाचा आकडा पहिल्या पानावर छापला असता, तरी बँकांवरील टीकेने अस्वस्थ झालेल्या उद्योगजगतानेच हे काम सोपवले होते, ही वस्तुस्थिती तसूभरही बदलली नसती.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या 2012 च्या नियमांत हा फरक नेमका दिसतो. विषयात हितसंबंध असलेल्या पक्षाकडून मागील 3 वर्षांत 10,000 डॉलर किंवा अधिक मिळाले असल्यास लेखकाने ते सांगावे, हा झाला प्रकटीकरणाचा भाग. प्रसृत करण्यापूर्वी निबंध तपासण्याचा अधिकार अन्य कोणाला होता का, हेही सांगावे, हे दुसरे कलम थेट स्वातंत्र्याला हात घालते, आणि वाचकाने आधी तेच शोधावे असे मला वाटते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ज्या केस (केस स्टडी, म्हणजे वर्गातील चर्चेसाठी लिहिलेली एखाद्या कंपनीतील प्रसंगाची मांडणी) कंपनीत जाऊन लिहिल्या जातात, त्या प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या कंपनीची संमती घेतली जाते. पुण्यामुंबईच्या एमबीए वर्गांतही अशा केस शिकवल्या जातात, आणि चर्चेचे साहित्य म्हणून त्यांत काहीच गैर नाही. मात्र तीच केस शोधनिबंधात पुरावा म्हणून आली, तर त्या संमतीचा उल्लेखही तिच्यासोबत यायला हवा.