डिजिटल बाहुलीनाट्य

डिजिटल बाहुलीनाट्य : सूत्रधाराच्या हाताच्या, चेहऱ्याच्या वा शरीराच्या हालचालीवर संगणकातील पात्र त्याच क्षणी हलवण्याची कला. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये फ्रेम आधी तयार होतात आणि मग दाखवल्या जातात. येथे पात्र प्रेक्षकांसमोरच घडते, त्यामुळे ते प्रश्नाला उत्तर देऊ शकते; चूक मात्र झाकता येत नाही. हालचाल नोंदवून, नंतर साफ करून वापरण्याच्या मोशन कॅप्चरलाही काही लेखक यातच धरतात. तात्काळ खेळवणे हे लक्षण मानले तर ते वेगळे ठेवणे अधिक योग्य.

उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत ली हॅरिसन तिसरा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी नर्तकाच्या अंगावर पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर विजेचा संकेत बदलणारे भाग) बांधून पडद्यावरची आकृती हलवली. हा पहिला नमुना असे पुष्कळदा म्हटले जाते. पण ती यंत्रणा ॲनालॉग होती, तिला ‘डिजिटल’ म्हणणे ओढूनताणून होते. १९८८ मध्ये अटलांटा येथील सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत ‘माइक’ नावाचे बोलणारे डोके सादर झाले. डीग्राफ-वॉरमन या संस्थेने ते सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रावर उभे केले होते. १९८९ मध्ये अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘वाल्डो’ हे संगणकातील पात्र आले. त्याला यांत्रिक हाताने खेळवत. खेळवताना ढोबळ चित्र दिसे आणि रेखीव चित्र संगणकावर नंतर तयार होई. त्यामुळे अंतिम चित्रही जागेवरच उमटण्याचा निकष लावला, तर १९८८ चा दावा अधिक भक्कम ठरतो.

शब्दांचा इतिहास याहून जुना आहे. ‘सूत्रधार’ हा शब्द बाहुल्यांच्या दोरीवरून आला, असे जर्मन पंडित पिशेल यांनी १९०० च्या सुमारास मांडले. संस्कृत नाटकाचे अभ्यासक कीथ यांना ते मान्य नव्हते. सूत्रधार म्हणजे मोजणीची दोरी धरणारा कारागीर असाही अर्थ आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात (शके १२१२) दोरीने चालणाऱ्या लाकडी बाहुलीचा, म्हणजे ‘साइखड्या’चा, दृष्टान्त येतो. म्हणजे श्रोत्यांना हा खेळ तेव्हा परिचित असावा.

यंत्रणेचे टप्पे चार : संकेत घेणे, तो पात्राच्या अवयवाशी जोडणे, चित्र काढणे, पडद्यावर टाकणे. संकेतासाठी साधा कॅमेरा, फोन, जॉयस्टिक किंवा मिडी फेडर (संगीत-यंत्रांच्या ‘मिडी’ संकेतपद्धतीवर चालणारी सरकपट्टी) चालतो. मिडीच्या नेहमीच्या संदेशात ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, म्हणून त्यावर संथ फिरणारी मान धक्के खाते.

खरी अडचण विलंबाची. सेकंदाला ३० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ३३ मिलिसेकंद, चेहरा ओळखायला १० ते २०, चित्र काढायला १७ ते ३३ आणि प्रोजेक्टरला ३० ते ६० धरले, तर एकूण ९० ते १४६ मिलिसेकंद होतात. सूत्रधाराचा आवाज मात्र स्पीकरमधून लगेच निघतो. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की खटकू लागतो. मागे राहिला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षात येत नाही. म्हणून ध्वनी-मिक्सरवर मायक्रोफोनच्या आवाजाला विलंब द्यावा. तो किती, हे अंदाजाने ठरवू नये. सूत्रधार आणि पडदा दोन्ही एकाच वेळी फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने टिपून मधल्या फ्रेम मोजाव्यात. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. स्पीकरपासून दर १० मीटरला आवाज २९ मिलिसेकंद आणखी मागे पडतो, त्यामुळे जुळवणी पुढच्या रांगेत बसून करावी. स्वतःचाच उशिरा येणारा आवाज कानावर पडला की बोलणारा अडखळतो. त्याला बंद हेडफोनमधून विलंब न दिलेला आवाज द्यावा.

थरथर घालवण्यासाठी संकेत गुळगुळीत करतात. पाच फ्रेमची सरासरी घेतली की आणखी दोन फ्रेम, म्हणजे ६७ मिलिसेकंद, जातात. त्याहून मोठे नुकसान ओठांचे. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटावे लागतात आणि ते मिटणे दोन-तीन फ्रेमच टिकते. सरासरीत ते विरून जाते आणि पात्र उघड्या तोंडाने ‘मामा’ म्हणते. म्हणून जबड्याचा संकेत जवळजवळ कच्चा ठेवावा, मान आणि धड गुळगुळीत करावे. २०१२ मध्ये मांडलेला ‘वन युरो’ फिल्टर संथ हालचालीवर जास्त आणि वेगवान हालचालीवर कमी काम करतो, म्हणून तो येथे उपयोगी. आवाजावरून ओठ हलवणारी तयार साधने शिकवलेल्या भाषेपुरतीच पक्की असतात. मराठवाड्याच्या बोलीत ‘काय करायलास’ म्हणणाऱ्या पात्राचा जबडा हाताने किंवा कॅमेऱ्याने चालवलेला बरा.

मराठवाड्यातील पात्ररचनेसाठी पैठण शैलीची चित्रे हा समृद्ध आधार आहे. ती बहुधा १९ व्या शतकातील. ती पैठणात काढली गेली की तेथे केवळ सापडली, याबद्दल मतभेद आहेत. कोकणातील पिंगुळी गावच्या चित्रकथीशी (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेशी) असलेले साम्य पाहता नाव केवळ सापडण्याच्या ठिकाणाचे मानावे, एवढेच म्हणता येते. चेहरे एकाच बाजूने दिसणारे, डोळे मोठे. त्यामुळे सूत्रधाराने मान वळवली तरी पात्राची मान वळवता येत नाही. आकृती उलटवावी लागते. डावीकडे २० अंश गेल्यावर एकदा आणि उजवीकडे २० अंश गेल्यावर परत, असा नियम ठेवावा. एकच मर्यादा ठेवली तर तिच्या आसपास आकृती फडफडते. हातपाय वेगळे कापताना खांद्याला व कोपराला गोल भाग एकमेकांवर चढवून त्याच्या मध्यावर सांधा धरावा, नाहीतर कोपर वाकताच फट दिसते.

प्रयोगस्थळी वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण त्याचे चित्र काढणारे सर्किट वेग कमी करते, फ्रेम पडतात आणि मिक्सरवर जुळवलेला विलंब चुकतो. यूपीएस प्रोजेक्टर व राऊटरपुरता न ठेवता लॅपटॉपचा चार्जरही त्यावरच घ्यावा. ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या मंडपात फोन तापून कॅमेरा बंद करतो. मागे छोटा पंखा लागतो. ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. उजेड कमी असेल तर कॅमेरा आपोआप १५ फ्रेमवर येतो. सूत्रधाराच्या चेहऱ्यावर छोटा दिवा हवाच. भुवया झाकणारा फेटा किंवा चकाकणारा चष्मा घालू नये. गर्दीच्या सभागृहात वायफायवरचे संकेत हरवतात, म्हणून केबल वापरावी आणि अर्धा सेकंद संकेत न आल्यास पात्र आपोआप सावकाश मूळ ठेवणीत यावे अशी सोय करावी.