‘साहेब’ हा शब्द इंग्रजांनी दिलेला नाही

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांत लग्नपत्रिकेवर ‘आबासाहेब’, ‘दादासाहेब’ छापायचे ठरले, की ‘साहेब’ हे गोऱ्या अंमलदारांनी मागे ठेवलेले गुलामीचे बिरूद आहे, ते काढून टाका, असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे वडीलधाऱ्यांच्या नावातील मान विनाकारण कमी केला जातो, हे अधिक खेदाचे आहे.

हा शब्द मुळात अरबी असून त्याचा पहिला अर्थ सोबती असा आहे. पैगंबरांच्या सोबत्यांना ‘सहाबा’ म्हणतात ते याच धातूवरून, आणि मलय भाषेत ‘सहाबत’ म्हणजे आजही मित्रच. ‘एखाद्या गोष्टीसोबत असणारा’ यातून ‘ती बाळगणारा’, म्हणजे धनी, हा अर्थ आला. तुर्कीत ‘साहिप’ म्हणजे मालक. फारसीमार्गे तो आपल्याकडे पोहोचला. खानदेशात तर १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत बुऱ्हाणपूरच्या फारुकींची सत्ता होती, त्यामुळे फारसी वळणाचे शब्द येथे परके नव्हते.

कबीराच्या वाणीत ‘साहिब’ म्हणजे परमेश्वर. १७४० मध्ये पेशवेपदी आलेले बाळाजी बाजीराव ‘नानासाहेब’ म्हणूनच ओळखले जातात, आणि खानदेशावर कंपनीचा अंमल बसला तो त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने, १८१८ मध्ये. इंग्रज अधिकाऱ्यांना लोक ‘साहेब’ म्हणू लागले हे खरे, परंतु तो आपल्याच बोलीतला शब्द त्यांना लावला गेला होता.