एसएलआर कॅमेरा : शटर व फोकसच्या तक्रारी

ज्या लेन्समधून चित्र उमटते तिच्यातूनच दृश्य पाहण्याची सोय असलेला कॅमेरा म्हणजे एसएलआर. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरकडे, म्हणजे डोळा लावायच्या झरोक्याकडे जातो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपुढचे शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात आणि आरसा पुन्हा खाली येतो. या साखळीतली एखादी कडी अडली की लोक सरसकट ‘शटर गेलं’ म्हणतात. बहुतेक वेळा ते गेलेले नसते.

‘बटण दाबतोय, पण फोटो निघत नाही’ ही तक्रार सातारा भागात ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे कास पठारावरच्या फुलांच्या दिवसांत हमखास निघते. सीतेच्या आसवांचे फूल नखाएवढे. माणूस पालथा पडून कॅमेरा फुलाला जवळजवळ चिकटवतो. १८-५५ मिमीची साधी लेन्स मात्र २५ ते २८ सेंमीपेक्षा जवळचे पकडत नाही, आणि सिंगल ऑटोफोकसमध्ये (एकदाच फोकस धरून ठेवणाऱ्या पद्धतीत) फोकस लागल्याशिवाय कॅमेरा सहसा शटर सोडत नाही. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे तर सेन्सरपासून मोजतात. त्यासाठी बॉडीवर आडव्या रेघेने छेदलेल्या वर्तुळाची खूण असते. वीतभर मागे सरकले की काम होते. धुके उतरले की दुसरीच अडचण : फोकस यंत्रणेला उजेड-अंधाराची कड लागते, ती न सापडल्याने लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. अशा वेळी काळ्या कातळाची कड धरावी, नाहीतर सरळ मॅन्युअलवर जावे, म्हणजे फोकस हाताने लावावा. लेन्सवरचे एएफ-एमएफ (ऑटो-मॅन्युअल फोकस) बटण चुकून सरकले आहे का, हेही आधी पाहावे. या एका बटणापायी दुकानाची पायरी चढलेले कॅमेरे थोडे नाहीत.

फोटो निघतो पण धूसर येतो, तेव्हा आधी फोकस नेमका कुठे लागला ते पाहावे. फोकसबिंदू कॅमेऱ्यावर सोडला की तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो. सागरेश्वर अभयारण्यात हरणाऐवजी पुढची गवताची काडी लख्ख येते ती यामुळेच. एकच बिंदू निवडावा. तरीही शंका राहिली तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून तोच फोटो व्ह्यूफाइंडरने व लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर दृश्य पाहून) काढावा. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि दुसरा धूसर आला, तर आरशाखालच्या फोकस सेन्सरचा मेळ बिघडला आहे. काही मॉडेलांत मेनूतून सूक्ष्म दुरुस्ती करता येते. दोन्ही धूसर आले तर दुसरी लेन्स लावून पाहावे. दोष लेन्सचा की बॉडीचा, ते लगेच कळते.

लग्नाच्या फोटोंत कडेला काळा पट्टा येणे हा शटरचा दोष क्वचितच असतो. सुमारे १/२०० ते १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेगात दोन्ही पडद्यांमध्ये फक्त एक फट सरकत असते, आणि फ्लॅशचा उजेड तेवढ्याच फटीतून आत जातो. कॅमेऱ्याला जुळणारा फ्लॅश वेगाला आपोआप लगाम घालतो, फ्लॅश दुरून पेटवणारा स्वस्त ट्रिगर घालत नाही. कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली दिसणारे फिकट-गडद पट्टे वेगळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० वर हे पट्टे जातात. दोन्ही कारणे नसताना, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचा फोटो १/४००० ला अर्धवट काळा आणि १/१२५ ला नीट आला, तर मात्र पडदा खरोखरच रेंगाळतो आहे.

कराड तालुक्यातील पाल येथील खंडोबाच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा मैद्यासारखा बारीक. उधळणीत लेन्स बदलली की तो आरशाच्या खोबणीत शिरतो. बॉडीचे तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारावी. डब्यातल्या दाबाच्या हवेने पडद्याची नाजूक पाती वाकतात, बोट तर लावूच नये. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. कॅमेरा कातडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.