ध्रुवाखालचा सातपुडा

यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेतून उत्तरेला पाहिलं की समोर सातपुड्याची रांग, आणि तिच्या वर, क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर, ध्रुव. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तासभर शटर उघडं ठेवलं तर ध्रुवाभोवतीची प्रत्येक चांदणी १५ अंशांचा कंस काढते. पॅरिसला हाच ध्रुव ४९ अंशांवर असतो. तिथे डोंगर आणि तो एका चौकटीत बसवायचे तर ओढाताणच. (आपल्याकडेही पाटणादेवीला डोंगर दक्षिणेला. तिथे ध्रुवाचा नाद सोडून वृश्चिकाची वाट पाहायची.)

शटर एवढा वेळ उघडं ठेवणं मात्र बऱ्याच उशिरा जमलं. १८५० साली हार्वर्डच्या दुर्बिणीतून अभिजितचा फोटो निघाला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा तो पहिलाच. डॅगेरोटाइपला, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या फोटोला, सुमारे १०० सेकंद लागले. पुढच्याच वर्षी कलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेली ओली काच आली. ती उजेड जास्त लवकर टिपे, पण ओली आहे तोवरच फोटो काढून, धुऊनही घ्यावा लागे. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. जळगावच्या मे महिन्यात ती किती टिकली असती, न विचारलेलं बरं. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली आणि ही घाई सुटली. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे तिकांड्याखालच्या त्या धूसर ठिपक्याचा, ५१ मिनिटांचा फोटो घेतला. तीन वर्षांनी अँड्र्यू कॉमन यांच्या काचेवर तर दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले.

फिल्मची खोड वेगळी. मंद उजेडात ती आळसावते. वेळ दुप्पट दिला तरी नोंद दुप्पट होत नाही. १९३०च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपणारे ब्रासाई एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं ठेवायचा वेळ, सिगारेटीवर मोजत, अंधार जास्त तर सिगारेट मोठी.

डिजिटल सेन्सर आळसावत नाही, तापतो, आणि फोटोत रंगीत ठिपके येतात. म्हणून आता तासभराचं एकच एक्स्पोजर सहसा कुणी देत नाही. ३०-३० सेकंदांचे शंभर-सव्वाशे फोटो काढून संगणकावर एकावर एक रचतात. त्याचा एक फायदा मला बागेतच कळला. शेतीपंपाची वीज रात्रीची, त्यामुळे पाणी भरायला निघालेल्या शेतकऱ्याची बॅटरी चौकटीतून वाकडीतिकडी रेघ मारत गेली. तेवढे चार फोटो गाळले असते तर रेघ गेली असती. मी ठेवली.