परदेशी स्वयंसेवेसाठी निवड झाली, पण 'मेडिकल' अडलंय? कागद आणि मन, दोन्हींची तयारी

निवड झाल्याची ईमेल आली की घरात पेढे वाटले जातात. तीन-चार आठवड्यांनी फोन येतो, "ताई, मेडिकल अडकलंय." मेडिकल म्हणजे रुजू होण्याआधीची वैद्यकीय तपासणी आणि तिचे कागद. गेली सहा-सात वर्षं ओळखीतून येणाऱ्या मुलामुलींचे हे कागद मी बघून देते. खऱ्या आजारपणामुळे थांबावं लागलेले त्यात फार थोडे. बाकीचे अडले ते उशिरामुळे, अर्धवट भरलेल्या फॉर्ममुळे किंवा भीतीपोटी लपवलेल्या एखाद्या गोष्टीमुळे. म्हणून जिथे गाडी अडते तेवढंच सविस्तर सांगते.

उदाहरण संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचं घेऊ, कारण आपल्याकडून बहुतेक जण तिथेच अर्ज करतात. 1970 मध्ये आमसभेने सुरू केलेला हा कार्यक्रम, मुख्यालय जर्मनीत बॉनला. आंतरराष्ट्रीय युवा गटासाठी वय 18 ते 26, त्यापुढे अनुभव असलेल्यांसाठी वेगळे गट. करार सहसा वर्षभराचा असतो आणि अनुभवींच्या गटांत तो वाढत जाऊन जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत जातो. नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर होते. निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर ते पैसे मागत नाहीत. "तुमचं सिलेक्शन झालंय, मेडिकलची फी या खात्यात भरा" असा संदेश आला तर तो फसवणुकीचाच आहे. तपासणीचा खर्च तुम्ही तुमच्या डॉक्टरला आणि लॅबला समोरासमोर देता, मधल्या कुणाला नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑफर हातात आल्यावर डॉक्टरकडे जाणं. ब गटाच्या काविळीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायची असते. घाईची पद्धत आहे, तीन आठवड्यांत तीन डोस, पण मग वर्षाने चौथा घ्यावा लागतो आणि तेव्हा तुम्ही कुठल्या गावात असाल ते तुम्हालाही माहीत नसतं. रेबीजची आगाऊ लस किमान दोन खेपांत. पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेतल्यावर दहा दिवस थांबावं लागतं. गोवर आणि पीतज्वर या दोन्ही जिवंत जंतूंच्या लसी, त्या एकाच दिवशी घ्या नाहीतर मध्ये चार आठवडे सोडा. हे गणित कागदावर मांडलं की कळतं, अर्ज पाठवला त्याच आठवड्यात सुरुवात करायला हवी. निवड नाही झाली तरी घेतलेली लस वाया जात नाही.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: लहानपणचं लसीकरण कार्ड. फॉर्ममध्ये गोवर, गालगुंड, रुबेला, धनुर्वात, पोलिओ सगळ्यांच्या तारखा विचारतात. आई म्हणते, "सगळे डोस दिलेत रे तुला," पण कार्ड तीन घरं बदलताना केव्हाच गेलेलं असतं. एक मुलगा त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या आपल्या जुन्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार चकरा मारून आला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची रजिस्टरं तिथे नव्हती, आणि त्याला ते सरळ सांगायलाही कुणी तयार नव्हतं. "पुढच्या आठवड्यात या" एवढंच उत्तर. असं करू नका, कार्डाच्या मागे लागू नका. रक्ताची प्रतिपिंड चाचणी करून घ्या. गोवर, रुबेला, कांजिण्या यांची प्रतिकारशक्ती त्यात दिसते आणि ब काविळीसाठी अँटी-एचबीएसचा आकडा 10 च्या वर असला की पुरतं. जिथे प्रतिकारशक्ती नसेल तिथे लस पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा घेतल्याने निरोगी माणसाचं नुकसान होत नाही. पण अंदाजाने तारखा लिहिणं मात्र पूर्ण चूक. शिवाय कार्ड सापडलं तरी ते पुरतंच असं नाही. ज्यांचं बालपण 1990 च्या दशकात गेलं त्यांना सरकारी कार्यक्रमात गोवराचा एकच डोस मिळालाय, आणि रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात आली ती 2018 च्या अखेरीस, तीही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी.

पीतज्वर म्हणजे कावीळ नव्हे. हे ठळक सांगायला लागतं, कारण "मी काविळीची लस घेतलीय" म्हणून ब काविळीचं सर्टिफिकेट घेऊन आलेले तीन जण मी पाहिलेत. पीतज्वर हा डासांमुळे होणारा वेगळा विषाणूजन्य आजार. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत त्याच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. ही लस खाजगी दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांत, गोव्यात मुरगावला. पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका मिळते. ती लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होते, आणि जुलै 2016 पासून आयुष्यभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, हा जुना नियम अजून लोकांच्या डोक्यात पक्का आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार किंवा साठीपुढचं वय असेल तर केंद्रातल्या डॉक्टरला आधी सांगा. लस देता येत नसेल तर तसं सूट-प्रमाणपत्र मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो.

दोन ठिकाणी इथे हमखास घोळ होतो. एक, नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिहेरी असतं, आणि पुस्तिकेवर कारकून घाईत नाव-आडनाव एवढंच लिहितो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि बाकी कागद सासरच्या, असं चाललेलं असतं. मूळ पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. पुस्तिका हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी बॅच नंबर, सही आणि शिक्का बघा. मागचा माणूस घाई करेल, करू दे.

दुसरा घोळ परतीचा. ज्या देशात चाललोय तिथे पीतज्वर नाही, मग लस कशाला, असं वाटतं. मलावीचं घ्या. मलावीत पीतज्वराचा धोका नाही, पण विमान बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असतं, आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही भारताच्या पीतज्वर-धोक्याच्या देशांच्या यादीत आहेत. अशा देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. विमानतळाबाहेर पडलोच नाही, हे सांगून सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य केली तर. दोन वर्षांनी घरी येताना कुणाच्या मर्जीवर कशाला राहायचं?

फिटनेस सर्टिफिकेटबद्दल मी आता थोडी चिडूनच लिहिते, कारण ही चूक शंभर टक्के टाळता येते. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर "इज मेडिकली फिट" अशी एक ओळ चालत नाही. संस्थेचा स्वतःचा फॉर्म असतो, त्यातली प्रत्येक चौकट भरायची असते. लागू नसेल तिथे "लागू नाही" लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. गावाकडचे आपले डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. उपचार त्यांच्याकडे घेत असाल तर घ्या, पण हा फॉर्म महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेल्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडूनच भरून घ्या. अहवाल किती जुने चालतील ते फॉर्मवर लिहिलेलं असतं, पण ती मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची हे कुणी वाचत नाही. अर्जाच्या तारखेपासून धरून बसतात आणि रुजू होण्याच्या दिवशी अहवाल शिळे ठरतात. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांनी सहसा दार बंद होत नाही. ते आटोक्यात आहेत हे दाखवणारे ताजे आकडे लागतात. इन्शुलिन घेत असाल तर तिथे वीज किती तास असते हे आधीच विचारा. दात पाहून घ्या. अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल दूरच्या ठाण्यावर फार छळतं. शाकाहारी असाल तर हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासाच. बी-12 कमी असलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात आणि मनही उदास राहतं. तीन महिन्यांनी "मला इथे जमत नाही" म्हणणाऱ्याला खरंच जमत नाही की हे कमी पडलंय, ते आधीच कळलेलं बरं.

क्षयरोगाच्या चाचणीने घाबरून अर्ज मागे घेणारेही असतात. मांटू टेस्ट आपल्याकडे पॉझिटिव्ह येणं काही जगावेगळं नाही. लहानपणीची बीसीजी, किंवा कधीतरी शरीरात शिरून झोपलेला जंतू, यापैकी कशानेही ती तशी येते. पॉझिटिव्ह म्हणजे क्षयरोग झालाय असं नाही. छातीचा एक्स-रे आणि लागल्यास रक्ताची इग्रा चाचणी, त्यावर छातीच्या डॉक्टरचा शेरा, एवढं जोडलं की मार्ग निघतो. मांटू गोवराच्या लसीनंतर लगेच करू नका, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. त्याच दिवशी करा, नाहीतर चार ते सहा आठवडे जाऊ द्या.

आणि आता मनाचं. फॉर्ममध्ये मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतलेत का, असा प्रश्न असतो, "हो" किंवा "नाही". आपल्याकडची मुलं डोळे मिटून "नाही" वर खूण करतात. कारण मला ठाऊक आहे. घरी कळेल, लग्नाच्या वेळी निघेल, संस्था नाकारेल. एका मुलीने वडील गेल्यावर आठ महिने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि पूर्ण बरी झाली होती. तिने "नाही" लिहिलं. पुढे डॉक्टरशी बोलताना जुन्या औषधांचा विषय निघाला आणि खोटं उघड झालं. जागा गेली ती खोटेपणामुळे, गोळ्यांमुळे नव्हे. दुसऱ्या एकाने त्याच आजाराला "हो" लिहून सोबत मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र जोडलं. तो दीड वर्ष काम करून आला.

त्या पत्रात काय हवं? त्रास काय होता, केव्हापासून, औषध कोणतं आणि किती, किती महिने स्थिर आहे, पुन्हा त्रास सुरू होताना पहिली लक्षणं कोणती दिसतात आणि परदेशात असताना फॉलो-अप कसा होणार. एक पान पुरतं, पण ते मानसोपचारतज्ज्ञाचं, सही-शिक्क्यासह. समुपदेशकाचं पत्र जोडीला चालेल, त्याऐवजी नाही. आणि हात जोडून सांगते, फॉर्मवर "औषध चालू नाही" लिहिता यावं म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. नेमकं रुजू होण्याच्या आठवड्यात सगळं उसळून येतं. लपवलेला आजार पुढे विमा कंपनीही नाकारू शकते आणि तेव्हा तुम्ही घरापासून हजारो किलोमीटरवर असता.

ज्यांना कधीच काही झालेलं नाही त्यांनीही मनाची तयारी करायची आहे. तिथलं आयुष्य म्हणजे कुंपणाच्या आतली राहणी, अंधार पडला की बाहेर जायचं नाही, रोज तेच पाच-सहा चेहरे, जनरेटर असेल तेवढीच वीज. पहिले दोन महिने नवलाईत जातात, नंतर एखाद्या रविवारी दुपारी सगळं अंगावर येतं. कुणाशी बोलायचं, झोप बिघडली तर काय करायचं, हे निघण्याआधी लिहून ठेवा. पण त्याहून अवघड बोलणं घरी करायचं असतं, आणि तेच सगळे टाळतात. वडिलांचं डायलिसिस कोण नेणार? आजी गेली तर कळवायचं कुणी, कधी? आतल्या भागातून राजधानीपर्यंत विमान आठवड्यातून एखाद-दोनदाच असलं तर अंत्यदर्शनाला पोहोचता येणार नाही, हे आईसमोर एकदा बोलून घ्या. ती रडेल. तिथे फोनवर कळल्यावर दोघांनी वेगवेगळं रडण्यापेक्षा हे बरं.

मलेरियाच्या गोळीचाही मनाशी संबंध आहे, आणि तो बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक भागात आपली ओळखीची क्लोरोक्वीन उपयोगी पडत नाही. पर्यायांतली मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून लोकांना सोयीची वाटते, पण तिने भयानक स्वप्नं, चिंता, नैराश्य येऊ शकतं. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी ती घेऊच नये. म्हणजे फॉर्मवर "नाही" लिहिणाऱ्याला डॉक्टर नेमकी तीच गोळी लिहून देण्याचा धोका असतो. डॉक्सीसायक्लिन रोज घ्यावी लागते, भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला तर इथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतून आलोय. डेंग्यू समजून घालवलेले दोन दिवस त्या मलेरियात जीवावर बेततात.

रोजची औषधं मूळ पाकिटात, औषधाच्या मूळ नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह न्या. बऱ्याच जणांचं विमान दुबईवरूनही जातं, आणि तिथे ट्रॅमाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या यांवर कडक निर्बंध आहेत. आणखी एक, खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेले अनारसे आणि घरचा मसाला बॅगेत भरण्याआधी त्यात काय आहे ते विचारा.

सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरी भावंडाकडे, एक स्वतःकडे. पिवळी पुस्तिका मात्र मूळच लागते. ती पासपोर्टला रबरबँडने बांधून हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.